फुलसिंगचं पदक

१

लाल मखमलीत पाच खाचा होत्या. चार भरलेल्या, एक रिकामी.

नायब तहसीलदार धाबेकरांनी पेटीत डोकावून पाहिलं, आणि आधी त्यांचा जीव भांड्यात पडला. "चांदणी आहे की, साहेब!"

पाच पाकळ्यांची, सोन्यासारखी झळकणारी, मधोमध निळी मिनाकारी असलेली ती चांदणी खरंच जागच्या जागी होती.

"ती नव्हे," कर्नलसाहेब इंग्रजीत शांतपणे म्हणाले. "द्यायचा होता तो साधा चांदीचा क्रॉस. तो गेला. असू द्या. कुणाला त्रास देऊ नका."

धाबेकरांच्या हातातलं तबक टेबलावर खणखणत टेकलं. डाकबंगल्याबाहेर शेलूबाजारच्या शाळेचं पटांगण माणसांनी भरलं होतं. तोरणं लागली होती. परदेशी पाहुण्याचं पदक सरकारी डाकबंगल्यातून चोरीला जातं, म्हणजे काय? त्यांनी मंगरूळपीरला माणूस धाडला आणि ठाणेदार निळकंठ गावंडे यांना बोलावून घेतलं.

१९५८ सालचा जानेवारी होता तो. मलाया देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या देशाच्या फौजेचे लेफ्टनंट कर्नल तेंगकू हमदान दिल्लीला कामासाठी आले होते, आणि तिथून आगगाडीने जऊळक्याला उतरून थेट या आडगावी पोचले होते. कारण एकच. शेलूबाजारपासून तीन मैलांवरच्या मोहतांड्याचा फुलसिंग महायुद्धात मलायात गेला होता, आणि त्याने यांचा जीव वाचवला होता. आपलं शौर्यपदक फुलसिंगच्या घरी द्यायचं, एवढ्यासाठी हा माणूस समुद्र ओलांडून आला होता.

गावंडे आले तेव्हा धाबेकर घामाघूम झाले होते. त्यांनी खिशातून स्वागताचं भाषण काढून ठाणेदारांपुढे धरलं. "वाचा, म्हणजे कळेल कुणाची चोरी झाली ती. 'तेंगकू' ही तिकडच्या राजकुळाची पदवी. सुलतानाचे नातू. विसाव्या वर्षी फौजेत अधिकारी. बेचाळीस साली मूठभर शिपायांनिशी नदीवरचा पूल दोन दिवस अडवून धरला. मग रानात राहून जपान्यांशी लढले. मग पुन्हा दहा वर्षं जंगलातल्या बंडखोरांशी. पाच पदकं! आणि आता हे!"

गावंडे पन्नाशीतले, सावकाश बोलणारे. त्यांनी भाषण घडी करून परत दिलं आणि पेटीकडे वळले. पितळी कुलूप परदेशी होतं. त्यावर ओरखडा नव्हता. खिडकीचे गज शाबूत होते. किल्ली कर्नलसाहेबांच्या कमरेच्या साखळीला होती.

"धाबेकरसाहेब, यातलं कोणतं पदक द्यायचं आहे, हे कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही. मलाही नाही. 'एक पदक' एवढंच कळवलं होतं. मी तर चांदणीच समजत होतो."

गावंड्यांनी चांदणी उचलून हातात तोलली, परत ठेवली. पेटी एवढीशी होती, काखेत मारून नेता आली असती.

"कसला चोर म्हणायचा हा?" ते हळूच पुटपुटले. "सोनं सोडून चांदी नेतो, आणि कुलूप परत लावून जातो."

खिडकीशी उभ्या कर्नलसाहेबांची पाठ त्यांच्याकडे होती. ती पाठ जराही हलली नाही.

२

साहेब सोडले तर खोलीत जाणं-येणं दोघांचंच झालं होतं. पहिला खानसामा रऊफ. तो मागच्या पडवीत उकिडवा बसला होता आणि त्याची बायको अमीनाबी चुलीपुढे डोळ्यांना पदर लावून होती. धाबेकरांच्या शिपायाने त्यांची ट्रंक उपसून कपडे अंगणात टाकले होते.

"बारा वर्सं झाले इथं," रऊफ म्हणाला. "गोरे साहेब पाह्यले, काले साहेब पाह्यले. चमचा इकडचा तिकडं झाला नाई कधी. खुदा गवाह हाय."

"ट्रंक भरून ठेवा आधी," गावंडे अमीनाबीला म्हणाले. मग रऊफच्या शेजारी पायरीवर टेकले. "चोरीचं राहू द्या रऊफभाई. साहेब कसा माणूस वाटला, ते सांगा."

रऊफने मान वर केली. असं कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"लय नेक माणूस. आले तवा खुश होते. हरेक झाडाकडं पाहत होते. मंग दुपारी तांड्यावर जाऊन आले, आन चेहराच उतरला. पराठे केलते, सालन केलतं. हातबी लावला नाई." तो थांबला. "एक गोष्ट अजब झाली. मी दारात उभा राहून अमीनाले म्हनलं, 'साहेब जेवत नाई तं पराठे तू खा, माह्यासाठी ज्वारीची भाकर आन ठेचा हाय तो राहू दे.' तं साहेबानं ताट सारलं आन माह्याकडं पाहून हातानं असा भाकर मोडल्यावानी इशारा केला. मले दे म्हनून."

"भाकर त्यांना दिसत होती?"

"नाई ना बाप्पा! आत टोपलीत झाकून होती. वास येत असन म्हनलं. देली नेऊन. आपल्यावानी हातावर घेऊन, ठेचा लावून खाल्ली. डोयातून पानी येत होतं. अमीना म्हने मिरची झोंबली."

चुलीपाशी अमीनाबी म्हणाली, "मिरचीचं पानी तसं नसते येत."

गावंड्यांनी विचारलं, "सकाळी इथं कुणी आलं होतं?"

रऊफने बायकोकडे पाहिलं. सांगू की नको, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. "एक बाई आल्ती," शेवटी तो म्हणाला. "मागच्या दारानं. कमलीबाई. फुलसिंगची घरवाली."

३

दुसरा फुलसिंगचा धाकटा भाऊ गोविंदसिंग. काल सांजेला तांड्याच्या नायकाकडून हुरडा घेऊन तो डाकबंगल्यावर आला होता, आणि साहेब हातपाय धूत असताना खोलीत एकटा थांबला होता. गावंड्यांनी त्याला अटक केली नाही. त्याच्याच छकड्यात बसले आणि म्हणाले, "चल, तांड्यावर घेऊन चल मला."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी कापणीला आल्या होत्या. एकाएकी गोविंदसिंग बैलांचे कासरे आवळून म्हणाला, "मी नाई घेतलं. पन गेलं ते बेस झालं."

"काहून रे?"

"भाऊ बेपत्ता हाय, असं सरकारनं कळवलं. मेला असं कोनी म्हनलं नाई. माही भाभी आजबी घुगरी लेते. तुमाले ठावं हाय ना घुगरी?"

गावंड्यांना ठाऊक होतं. बंजाऱ्याच्या सवाष्ण बाईच्या कानशिलांवर, केसांत ओवलेले चांदीचे घुंगरू. नवरा गेला की ते उतरतात.

"आज हजार मानसांपुढं तिच्या हातात मेलेल्या नवऱ्याचं पदक देनार. मंग तांड्यातल्या बाया तिले घरी नेनार, आन घुगरी काढनार. रीतच हाय. माही मायबी हाय घरात, डोयानं आंधळी. तिचं काय होईन? काल मी भांडलो नायकाशी. म्हनलं, हे सारे सरकारी लोकं वाजतगाजत माह्या भाभीची घुगरी उतरवायले आले काय?"

"कुठं भांडलास?"

"तांड्याच्या तोंडाशी. जीपजवळ."

"कोण होतं तिथं?"

"मी होतो, नायक रतनसिंग होता. धाबेकरसाहेब शाळेकडं गेल्ते." त्याने बैलांना हाकारलं. "आन तो पाहुना बसला होता जीपमधी. त्याले काय समजते आपलं!"

गावंडे चालत्या छकड्यात ताठ झाले. मग त्यांनी खिशातून पानाची चंची काढली, आणि पान न लावताच परत ठेवली.

४

कमलीबाई खळ्यावर ज्वारीची कणसं वेचत होती. पस्तिशीची असेल. ती वाकली की घुगरी किणकिणायची. ठाणेदाराला पाहून तिने ओढणी पुढे घेतली, पण घाबरली नाही.

"पुसा काय पुसाचं ते," ती म्हणाली.

"सकाळी डाकबंगल्यावर कशाला गेल्ता?"

"साहेबाले भेटाले. शिपायानं मांगच्या दारातूनच हाकललं."

"पदक गेलं. ठाऊक आहे?"

"ठावं हाय. मले तं ते कसं दिसते हेबी ठावं नाई, सायेब. मले पदक नको होतं. मले पुसाचं होतं त्याईले."

"काय?"

तिने मूठभर दाणे सुपात सोडले. "मरतानी माहा घरवाला काय म्हनला, ते."

गावंडे तिच्याकडे पाहत राहिले. "म्हणजे तुम्हाला..."

"धनजचा एक शिपाई होता. लढाई सरल्यावर घरी आला, तवा सेलूच्या बाजारात मले गाठून सांगून गेला. फुलसिंग मेला म्हने. कसा मेला, ते त्यालेबी ठावं नव्हतं. म्या कोनाले सांगतलं नाई. दिराले नाई, मायबापाले नाई."

"आणि घुगरी?"

कमलीबाईने झोपडीकडे पाहिलं. दारातल्या बाजेवर म्हातारी रुपाबाई ऊन घेत बसली होती. तिचे पांढरे झालेले डोळे खळ्याच्या रोखाने होते, जणू ऐकत होती.

"याडीले दिसत नाई," सासूला तीही याडी, म्हणजे आईच, म्हणायची. बोलताना तिचा आवाज खाली आला. "रोज सकाळी मले जवळ बोलावते. डोक्यावरून हात फिरवते, घुगरी वाजवून पाहते. मंग जेवते. आवाज आयकू नाई आला तं भाकर तोडत नाई. आता सांगा, म्या घुगरी कशी काढू?"

आपल्या नोकरीत गावंड्यांनी पुष्कळ जण खोटं बोलताना पाहिले होते. असं खोटं अंगावर घालून बारा वर्षं वावरणारं कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हणून वाटलं," ती पुढे म्हणाली, "साहेबाले एकट्यात भेटावं. सांगावं, बाबा, चार लोकांत नको. मले सांग, आन गुमान जाय. पन त्याले आपली बोली कुठी येते? धाबेकरसायेबाच्या तोंडून थोडंच सांगता येते असं?"

तेवढ्यात धाबेकरांचा शिपाई सायकलवर धापा टाकत आला.

"ठानेदारसाहेब, चला लवकर! रऊफले ठान्यावर नेऊन राह्यले. आन ते परदेशी साहेब जीपमधी चढून बसले त्याच्याबाजूले. उतरतच नाई!"

५

जीप डाकबंगल्याच्या फाटकात उभी होती. मागच्या बाकावर रऊफ मान खाली घालून, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून कर्नल तेंगकू हमदान, पूर्ण गणवेशात. धाबेकर इंग्रजीत विनवण्या करत होते.

"मी सांगितलं," कर्नल म्हणत होते. "या माणसाने काही घेतलेलं नाही. तुम्ही याला नेणार असाल तर मीही येतो."

"पण साहेब, आपल्याला कसं ठाऊक?"

यावर कर्नल गप्प झाले. मघापासून याच प्रश्नावर ते गप्प होत होते.

गावंडे जीपच्या मागून आले. कर्नलसाहेबांच्या पाठीशी उभे राहिले आणि आवाज न चढवता, सहज बोलावं तसं रऊफला म्हणाले, "रऊफभाई, हलू नका. साहेबाच्या कॉलरीवर ही मोठी गोम चढून राह्यली."

कर्नलसाहेबांचा हात विजेसारखा मानेवर गेला. झटकलं, वळून पाहिलं.

कॉलरीवर काहीच नव्हतं. गावंडे कपाळाला हात लावून सलाम करत होते.

"माफ करा साहेब. दुसरा इलाज नव्हता."

धाबेकरांना काही कळलं नाही. रऊफला कळलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. क्षणभराने कर्नलसाहेब हसले. कालपासून पहिल्यांदाच हसले. आणि मग त्या उंच, गव्हाळ, राजबिंड्या परदेशी माणसाच्या तोंडून अस्सल वऱ्हाडी बाहेर पडली.

"तुमी लय हुशार हाय ठानेदार, म्हन्तो मी."

धाबेकर फाटकाला टेकले.

डाकबंगल्यामागच्या कडुनिंबाखाली दोघांना खुर्च्या टाकून दिल्या. रऊफचे दोन्ही हात हातात घेऊन कर्नलसाहेबांनी आधी त्याची माफी मागितली. अमीनाबीची ट्रंक विस्कटली म्हणून तिचीही मागितली. मग ते गावंड्यांसमोर बसले.

"कसं वळखलं?"

"पेटीत पाच पदकं. त्यातलं द्यायचं कोणतं, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. चोराने नेमकं तेच नेलं आणि सोन्याची चांदणी सोडली. कुलपाला किल्ली तुमच्याच कमरेची लागली. म्हणजे पदक तुम्हीच काढलं, एवढं सकाळीच कळलं. कळत नव्हतं ते, का काढलं. दुनिया ओलांडून द्यायला आणलेली वस्तू माणूस आदल्या दिवशी लपवतो कशाला? मग रऊफने झाकलेल्या भाकरीचं सांगितलं, आणि गोविंदसिंगने जीपजवळच्या भांडणाचं. त्याला वाटलं, तुम्हाला काय समजतं. तुम्हाला सगळं समजत होतं."

कर्नलसाहेबांनी आतल्या खिशात हात घातला आणि तळहात उघडला. साधा चांदीचा क्रॉस, जांभळ्या-पांढऱ्या फितीचा.

"त्या बाईची घुगरी मी कशी काढू? तिच्या नवऱ्यानं मले जीव देला."

बोलताना त्यांची स्त्रीलिंग-पुल्लिंगाची गल्लत व्हायची. अडलं की ते इंग्रजीचा आधार घ्यायचे. पण गोष्ट सांगितली ती याच बोलीत.

धाबेकरांच्या भाषणात पुलावरच्या लढाईनंतर एका ओळीत 'रानात राहून' असं होतं. त्या ओळीच्या पोटात सारं काही होतं. पूल पडला तेव्हा पंचविशीतला हा राजपुत्र मांडीत गोळी घेऊन चिखलात पडला होता. रस्ते-पूल बांधणाऱ्या हिंदी तुकडीतला फुलसिंग मागे राहिला होता. त्याने याला पाठीवर घेतलं आणि रबराच्या मळ्यातल्या हिंदी मजुरांच्या वस्तीत नेलं. जपानी सुलतानाच्या नातवाला शोधत होते. म्हणून फुलसिंगने त्याचा गणवेश पुरला, त्याला धोतर नेसवलं आणि जगाला सांगितलं, हा माझा भाऊ.

"भाऊ म्हनलं तं बोली एक पायजे. मंग तो मले शिकवत होता. रबर काढतानी, जेवतानी, झोपतानी. त्याची बोली तमिळ मजुरायले समजे ना, जपान्यायले समजे ना. म्हनून कोनाले खोटं पकडता ये ना. राजवाड्यात मले चार मास्तर होते, ठानेदार. त्याईनं शिकवलं त्याच्यावर मी मोठा झालो. फुलसिंगनं शिकवलं त्याच्यावर मी जगलो."

पुढे कुणीतरी चुगली केली. जपानी शिपाई आले. फुलसिंगला झाडाला बांधून मारलं, आणि विचारलं, हा कोण? तो प्रत्येक वेळी एकच सांगत राहिला. मग त्यांनी यालाही विचारलं. याने वऱ्हाडीत रडून दाखवलं, शिव्या दिल्या, आईच्या नावाने हाका मारल्या. शिपायांची खात्री पटली. ते निघून गेले. पण फुलसिंग त्या मारातून उठला नाही.

"त्याच्यानंतर मी लढलो, पदकं भेटले, चांदणी भेटली, कर्नल झालो. लढाया सरतच नव्हत्या. देश मोकळा झाला, तवा पयलं मनात आलं, आता त्याच्या घरी जाऊ."

"मग आल्यावर बोलला का नाही? पहिल्याच दिवशी?"

कर्नलसाहेब जरा ओशाळले. "ही बोली पंधरा वर्सं कोनाशी बोललो नाई. पयला शब्द त्याच्या मायशी बोलायचा होता. पन हे सारे हार-तुरे घेऊन मधात उभे." ते पदकाकडे पाहत राहिले. "आता तेबी नाई. मी जातो उद्या. पदक हरवलं म्हना."

गावंडे उठले.

"साहेब, कमलीबाई तुम्हाला शोधत आली होती. तिला पदक नको आहे. तिला तुमच्याकडून दुसरंच काही हवं आहे. आणि ते फक्त तुमच्याजवळ आहे."

६

शाळेच्या पटांगणातली गर्दी धाबेकरांनी कशीबशी परतवली. जीप तांड्याच्या वरच्या अंगाला, चढावर थांबली. कर्नलसाहेब चालत खाली गेले. टोपी सोडली तर अंगावर मानाचं काही ठेवलं नव्हतं. पदकाच्या फितीही काढल्या होत्या.

रुपाबाई बाजेवर बसली होती. बाजूला गोविंदसिंग, दारात कमलीबाई. नायक रतनसिंग आणि पाच-सहा बाया कुडाच्या आडोशाला जमल्या होत्या. कर्नलसाहेब म्हातारीसमोर जमिनीवर बसले.

"याडी, मी आलो. लय दूरून आलो, म्हन्तो मी."

दारात कमलीबाईने कुडाचा आधार घेतला. रुपाबाईची मान हळूहळू वर आली.

"पुन्ना बोल."

"काय बोलू याडी? मले जास्त नाई येत, म्हन्तो मी."

म्हातारीने हात पुढे केला. त्यांच्या कपाळावरून, रुंद गालांवरून, आखूड नाकावरून बोटं फिरवली. "तोंड परक्याचं हाय," ती म्हणाली. "बोलनं माह्या फुल्याचं हाय. हरेक गोष्टीले 'म्हन्तो मी' म्हने तो. लहानपनी म्या मारलं त्याच्यापायी." तिचा हात त्यांच्या खांद्यावर स्थिरावला. "गेला?"

"गेला, याडी."

"एकटा होता?"

"नाई. माह्या मांडीवर डोस्कं होतं."

मग कमलीबाई पुढे आली आणि त्यांच्यासमोर बसली. एवढी वर्षं वाट पाहिलेला प्रश्न तिने अगदी साध्या आवाजात विचारला. "काय म्हनला तो?"

कर्नलसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाईचं बोलनं कोनतं आन मानसाचं कोनतं, हे मले समजत नव्हतं. मी कायबी बोलो. मी बाहेर जातानी म्हनत होतो, 'मी चालली.' फुलसिंग लय हासे. त्या दिवशी जपानी आपली बोली समजनारा कोनी घेऊन पुन्ना येतीन, असं त्याले भेव होतं. माह्या बोलन्यात चूक झाली तं मले मारतीन, म्हनून. अंगात जीव नव्हता, तरी मले म्हनत होता, बोल, बोलून दाखव. मी म्हनलं, 'पानी आनाले मी चालली.' तं त्यानं डोये उघडले. म्हनला, 'चालली नाई रे राजा. चाललो. मी चाललो.' " त्यांनी ओठ घट्ट मिटले. "थेच शेवटचं."

कमलीबाईच्या तोंडून एकदम हसू फुटलं. खरंखुरं हसू. असाच होता तो, मरता मरताही दुसऱ्याची चूक सुधारणारा. आणि हसता हसताच ती पुढे वाकली, आणि तिचे खांदे हलू लागले.

रुपाबाईने चाचपत तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"तुले ठावं होतं," ती म्हणाली.

"हाव याडी."

"कव्हापासून?"

"लढाई सरल्यापासून."

म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "येवढे वर्सं एकटीनं वझं वाह्यलं व पोरी? मले अर्धं द्याचं होतं ना. मी माय होती त्याची."

कुडाशी उभ्या बायांतून वयाने मोठी असलेली पंचफुला पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रीत ती रीत. तिने कमलीबाईच्या कानशिलाकडे हात नेला. घुगरी किणकिणली, तशी रुपाबाईने तो हात हवेतच धरला.

"थांब पंचफुला. ही घुगरी लग्नात कोनी बांधली हिले? म्यां बांधली. फुल्यानं नाई. म्या जिती हाय तवर कोनी काढाची नाई."

"रीत हाय, काकी," नायक रतनसिंग खालच्या आवाजात म्हणाला.

"रीत मले नको सांगू रे. तुह्या पाळन्याची दोरी म्यां वढली."

रतनसिंगने मान खाली घातली आणि दोन पावलं मागे सरला. पंचफुलाने हात सोडवून घेतला, आणि तोच हात कमलीबाईच्या पाठीवर ठेवून तिच्याजवळ खाली बसली.

कर्नलसाहेबांनी पदक काढलं. कमलीबाईने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे तुमाले कायचं भेटलं?"

"पुलावर लढलो त्याचं."

"मंग हे तुमचं हाय."

"तो नसता तं घ्याले मी नसतो."

तिने थोडा विचार केला. मग ओढणीच्या टोकात पदक बांधून घेतलं. "राहू द्या. गोविंदच्या लेकरायले दाखवीन. सांगीन, तुमच्या काकाले अजून एक भाऊ होता."

गोविंदसिंग उठला. कालपासून ज्याच्यावर तो दात खात होता, त्या माणसाला त्याने हात धरून उठवलं, आणि आपल्या शेजारी, घरच्या पुरुषांच्या जागी नेऊन बसवलं. ऊन उतरायला लागलं होतं. शेताकडून माणसं परतत होती. रुपाबाईने तोंड वर केलं आणि पहिली हाक मारली. लांबलचक, लेकाच्या नावाची. पंचफुलाने ती उचलली, मग दुसऱ्या बायांनी. पंधरा वर्षं थांबलेलं रडं घरोघर पसरत गेलं, आणि सारा तांडा फुलसिंगसाठी एकदम रडू लागला. घरच्या पुरुषांच्या ओळीत मांडी घालून बसलेला सुलतानाचा नातू त्यांच्याबरोबर रडत होता.

गावंडे कुणाचा निरोप न घेता चढ चढून वर आले. धाबेकर जीपशी उभे होते. त्यांच्या हातात अजून ते भाषण होतं.

"साहेबांचं सामान?" धाबेकरांनी विचारलं.

"रऊफ घेऊन येईल. साहेब फुलसिंगचं दिवसकार्य होईपर्यंत इथंच राहतील, असं दिसतं."

ड्रायव्हरने किल्लीला हात घातला. गावंड्यांनी त्याचं मनगट धरलं. "नको. आवाज होईल."

ड्रायव्हरने गियर सोडलं आणि सुकाणूला हात घालून चालायला लागला. गावंड्यांनी मागून खांदा लावला. जीप जड होती, वाट मातीची होती, आणि चढाचा माथा अजून दहा-वीस हात पुढे होता.

धाबेकर क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी भाषण खिशात कोंबलं, कोटाच्या बाह्या वर सारल्या, आणि तेही जीपला टेकले. तिघांनी मिळून ती ढकलत ढकलत माथ्यापार नेली. पलीकडे उतार लागला, चाकं आपोआप फिरू लागली, तरी धाबेकर काही वेळ तसेच हात टेकवून चालत राहिले.